सव्वीस मिनिटांसाठी बावीस वर्षं

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा मी अंगठ्याचं चित्र टाकून गप्प बसले होते. मग संपादक मंडळातून फोन आला. "आठवणी भरपूर आल्यात. सगळ्यांच्या आठवणीत तीच चिंच आणि तोच छडीचा मार. तू जरा माहितीचं काहीतरी लिही." सॉफ्टवेअरवर लिहिलं तर कोण वाचणार, म्हणून मी आठ-दहा दिवस टाळलं. विषय मिळाला तो पुण्यातल्या आपल्या पूर्वतयारीच्या बैठकीत.

दहावी 'ब'मधली ती तुम्हाला आठवत असेलच. नाव छापायचं नाही ही तिची अट आहे, आणि तुम्हाला नाव सांगायची गरजही नाही. खो-खोच्या मैदानाच्या कडेला शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन बसायची ती. दोन जिने चढली तरी तिला धाप लागायची, म्हणून पळायच्या ऐवजी वेळ लावायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिच्या हृदयाला भोक आहे, एवढंच आपल्याला माहीत होतं. दहावीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. वर्गाने मिळून कार्ड पाठवलं, त्यावर माझीही सही होती. त्याच मे महिन्यात मी मुंबईला मामाकडे पंधरा दिवस राहायला गेले होते. हॉस्पिटल लोकलने दोन स्टेशनांवर. मामी दोनदा म्हणाली, चल भेटून येऊ. दोन्ही वेळा मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. खरं कारण भीती होती. ती दिसेल का, दिसली तर कशी दिसेल, याची.

त्या बैठकीत चहा पिताना ती सहज म्हणाली, "तू आली नव्हतीस ते तेव्हा मला लागलं होतं. आता काही नाही गं. पण एक सांग, तू इंजिनियर आहेस ना? माझं हृदय बंद ठेवून आतलं भोक शिवलं म्हणतात. मग तेवढा वेळ मला चालवत काय होतं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते अर्धवट होतं. घरी येऊन वाचायला लागले, आणि वाचता वाचता एका सर्जनच्या आयुष्यापाशी येऊन थांबले. हा लेख म्हणजे तिला दिलेलं पूर्ण उत्तर. तीस वर्षं उशिरा.

आधी अडचण काय होती ते बघू. घरातला नळ दुरुस्त करायचा तर आपण वरची चावी बंद करतो. हृदयाची चावी बंद केली की मेंदूला रक्त मिळत नाही, आणि साधारण तीन-चार मिनिटांत मेंदूचं कायमचं नुकसान व्हायला लागतं. मोठ्या माणसाचं हृदय दर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त फिरवतं. म्हणजे हृदय उघडायचं, आत बघायचं आणि शिवायचं, तर तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी हे पाच लिटर रक्त फिरवायला हवं. नुसतं फिरवून भागत नाही, त्यात प्राणवायू मिसळायला हवा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला हवा. रक्त गोठता कामा नये, त्यातल्या पेशी फुटता कामा नयेत, आणि हवेचा एक बुडबुडाही धमनीत जाता कामा नये.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयावर शस्त्रक्रिया होतच नव्हत्या असं नाही. १९४४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी 'निळ्या' बाळांसाठी हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे काही सर्जन धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करू लागले. पण ही सगळी कामं हृदयाच्या बाहेरून किंवा आत न बघता, चाचपडत करायची. आतलं भोक डोळ्यांनी बघून सावकाश शिवणं ही अशक्य कोटीतली गोष्ट होती.

ती शक्य करायचा ध्यास घेतलेल्या माणसाचं नाव जॉन हेशम गिबन. जन्म १९०३, फिलाडेल्फिया. घराण्यात पिढ्यान् पिढ्या डॉक्टर, वडील सर्जन. याला मात्र लेखक व्हायचं होतं. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात शिकत असताना शिक्षण सोडून लिहायला बसावं असं त्याने ठरवत आणलं होतं. वडिलांनी समजूत घातली, की पदवी तर घे, लिहायचं तर नंतरही लिहिता येईल. १९२७ साली तो डॉक्टर झाला. आपल्याकडच्या किती घरांत हा संवाद झाला असेल! माझ्याही झाला होता. फक्त माझ्या बाबतीत लेखनाच्या जागी चित्रकला होती.

पुढे गिबन बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एडवर्ड चर्चिल या नामवंत सर्जनच्या हाताखाली संशोधनासाठी गेले. त्यांच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे १९३१ च्या फेब्रुवारीत तिथे एक स्त्री पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर अचानक अत्यवस्थ झाली. रक्ताची मोठी गुठळी फुप्फुसाच्या धमनीत अडकली होती. गुठळी काढायला छाती उघडणं म्हणजे तेव्हा जवळजवळ मृत्यूच, म्हणून अगदी शेवटचा क्षण येईपर्यंत थांबायचं ठरलं. तरुण गिबनचं काम एकच होतं. तिच्या उशाशी बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचा. सतरा तास त्यांनी ते केलं. सकाळी रक्तदाब लागेनासा झाला, तेव्हा चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत छाती उघडून गुठळ्या काढल्या आणि धमनी बंद केली. बाई वाचली नाही.

त्या रात्री तिच्या शिरा फुगत गेलेल्या आणि रक्त काळवंडत चाललेलं बघताना गिबनना एक विचार सुचला. हे काळं रक्त शिरेतून बाहेर काढलं, बाहेरच त्यात प्राणवायू मिसळला आणि लाल झालेलं रक्त परत धमनीत सोडलं तर? गुठळीला वळसा घालता येईल. बायपास या शब्दाचा अर्थ तोच. विचार सुचणं फार मोठं नसतं, आमच्या धंद्यात तर रोज कोणाला ना कोणाला काहीतरी सुचत असतं. तो पुढची बावीस वर्षं न सोडणं ही मोठी गोष्ट.

त्याच चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत मेरी हॉपकिन्सन नावाची तंत्रज्ञ होती, सगळे तिला मॅली म्हणत. १९३१ सालीच दोघांचं लग्न झालं. गिबनवर लिहिताना मॅलीला एका ओळीत गुंडाळायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. १९३४ साली दोघं पुन्हा बोस्टनला आले आणि वर्षभर रोज एकत्र प्रयोग करत राहिले. कल्पना ऐकून बहुतेक ज्येष्ठांनी नाक मुरडलं होतं. चर्चिल यांचाही फारसा विश्वास नव्हता, पण त्यांनी जागा दिली. पैसा बेताचा. जुन्या सामानाच्या दुकानातून काही डॉलरला हवेचा पंप आणला, रबरी बुचं कापून झडपा बनवल्या. प्रयोगाला मांजरं लागत. मग गिबन रात्री माशाचा तुकडा आणि गोणपाट घेऊन बोस्टनच्या गल्ल्यांतून भटकी मांजरं पकडत हिंडायचे. ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मांजरांच्या वाट्याला काय आलं, हे मात्र आज वाचताना बरं वाटत नाही. ते तसंच लिहून पुढे जाते.

रक्तात प्राणवायू मिसळायचा कसा? आपल्या फुप्फुसात लाखो बारीक पिशव्या असतात आणि रक्त अतिशय पातळ थरात पसरून हवेजवळून जातं. गिबननी फिरत्या उभ्या नळकांड्याच्या आतल्या बाजूवर रक्ताची पातळ साय पसरवली आणि तिच्यावर प्राणवायू सोडला. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध होतं. ते १९१६ साली बाल्टिमोरमध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून सापडलं होतं आणि १९३० च्या दशकात टोरांटोमध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळू लागलं. ते नसतं तर यंत्र कितीही हुशारीने बांधलं असतं तरी उपयोग नव्हता. १९३५ साली एके दिवशी मांजराच्या फुप्फुसाकडे जाणारी धमनी पूर्ण चिमटून बंद केली, आणि तरी रक्तदाब टिकून राहिला. यंत्र काम करत होतं. नवरा-बायको एकमेकांना मिठी मारून प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले. १९३७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

मग युद्ध आलं. गिबन सैन्यात सर्जन म्हणून प्रशांत महासागरात गेले आणि काही वर्षं काम बंद पडलं. परत आल्यावर १९४६ साली ते जेफरसनमध्ये शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. आता माणसाला पुरेल एवढं यंत्र हवं होतं, आणि ते बुचं कापून होण्यासारखं नव्हतं.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. गिबन यांच्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून त्यांची गाठ आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी पडली. आयबीएम तेव्हा पंचकार्डांची आणि हिशेबाची यंत्रं बनवत होती. वॉटसननी निबंध वाचले, गिबनना न्यूयॉर्कच्या कार्यालयात बोलावलं आणि काय मदत हवी ते विचारलं. यातून आपल्या दोघांपैकी कोणीही पैसा कमवायचा नाही, असं गिबननी आधीच सांगून टाकलं. वॉटसननी ते मान्य केलं, आपले इंजिनियर कामाला लावले आणि खर्च कंपनीने उचलला. कॉलेजात मी आयबीएमचा इतिहास शिकले होते. पंचकार्ड, मेनफ्रेम, पर्सनल कॉम्प्युटर. त्यात रक्ताचा उल्लेखही नव्हता.

त्या इंजिनियरांसमोरचा प्रश्न मला लगेच आपलासा वाटला. शरीरातून येणाऱ्या रक्ताचा वेग सारखा बदलतो. येणारं आणि जाणारं रक्त जुळलं नाही तर एकतर यंत्रात रक्त साठत जातं आणि माणूस रिता होतो, नाहीतर यंत्र रिकामं होऊन धमनीत हवा जाते. म्हणून पातळी सतत मोजायची आणि त्याप्रमाणे पंपाचा वेग आपोआप बदलायचा. आज आम्ही हे चार ओळींच्या प्रोग्रॅमने करू. त्यांच्याकडे व्हॅक्यूम ट्यूबा होत्या. दुसरी सुधारणा जेफरसनच्या तरुण सहकाऱ्यांकडून आली. गुळगुळीत पृष्ठभागाऐवजी तारेच्या जाळीवरून रक्त ओघळू दिलं तर ते किंचित घुसळलं जातं आणि प्राणवायू कितीतरी जास्त शोषतं. मग उभ्या जाळ्यांची रांग असलेलं मोठं यंत्र तयार झालं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत सुरुवातीला मृत्यू फार होते, ते वर्षागणिक कमी होत गेले.

१९५२ च्या फेब्रुवारीत हे यंत्र एका पंधरा महिन्यांच्या बाळासाठी वापरलं. निदान होतं हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक. हृदय उघडलं तर आत भोकच नव्हतं. बाळ गेलं. दोष हृदयाबाहेरच्या एका रक्तवाहिनीत होता, हे शवविच्छेदनात कळलं. यंत्र चुकलं नव्हतं, निदान चुकलं होतं. त्या आईबापांना या फरकाचा काय उपयोग?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिनेसोटात जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करून, अवघ्या पाच-साडेपाच मिनिटांत असं भोक डोळ्यांनी बघून शिवलं. थंडीने थोडी मिनिटं मिळत होती. पण जरा गुंतागुंत निघाली तर ती पुरण्यासारखी नव्हती.

६ मे १९५३. जेफरसनमध्ये अठरा वर्षांची एक कॉलेजकन्या टेबलावर होती. आधीच्या सहा महिन्यांत हृदय थकल्यामुळे तिला तीनदा रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. तिचा आजार आपल्या मैत्रिणीचाच. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, त्यातून शुद्ध रक्त उलट उजवीकडे गळणार, ते पुन्हा फुप्फुसाकडे जाणार, आणि हृदयाची उजवी बाजू दुप्पट काम करून दमणार. या वेळी निदान बरोबर होतं. शिरांमध्ये नळ्या घातल्या, यंत्र सुरू झालं, हृदय उघडलं. मध्येच हेपॅरिन कमी पडतंय असं दिसलं. जाळ्यांवर रक्त गोठायला लागलं आणि आपोआप चालणारी व्यवस्था बिघडली. यंत्रावरच्या सहकाऱ्यांनी ते हाताने चालवलं. गिबननी साध्या सलग टाक्यांनी भोक बंद केलं. पंचेचाळीस मिनिटं ती यंत्राला जोडलेली होती आणि त्यातली सव्वीस मिनिटं पूर्णपणे यंत्रावर जगत होती. मग तिचं हृदय पुन्हा स्वतःच्या जोरावर चालू लागलं. ती बरी झाली, आणि पुढे अनेक दशकं जगली.

यानंतर मोठी पत्रकार परिषद झाली असेल असं आपल्याला वाटेल. गिबननी पुढच्या वर्षी ही हकिगत 'मिनेसोटा मेडिसिन' या एका प्रांतीय नियतकालिकात छापली, आणि बाकी गाजावाजा टाळला. कारण दरम्यान जे घडलं ते फार वाईट होतं. १९५३ च्या जुलैमध्ये त्यांनी पाच वर्षांच्या दोन मुलींवर याच यंत्राने शस्त्रक्रिया केली. दोघीही गेल्या. गिबननी वर्षभर यंत्र बंद ठेवायचं ठरवलं. प्रत्यक्षात त्यांनी स्वतः पुन्हा कधीच हृदय उघडलं नाही.

या माणसाच्या कारकिर्दीतली ही जागा मी पुन्हा पुन्हा वाचली. बावीस वर्षं एका गोष्टीमागे जायचं, ती एकदा साधायची, आणि मग बाजूला व्हायचं. काही लेखक याला खचणं म्हणतात. मला ते तेवढंच वाटत नाही. आमच्याकडे नवी आवृत्ती चालली नाही तर जुनी परत लावतात, रात्र जागून चूक शोधतात आणि सकाळी सगळे नाश्ता करतात. त्यांच्या चुकीला जुनी आवृत्ती नव्हती. पुढचा प्रयोग कोणाच्या मुलीवर करायचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असणार आणि आपल्या हातून नको असं उत्तर दिलं असणार. पण त्यांनी यंत्र कुलपात ठेवलं नाही. मेयो क्लिनिकचे जॉन किर्कलिन भेटायला आले तेव्हा त्यांना यंत्राचे आराखडे मिळाले. किर्कलिन यांच्या चमूने त्यात सुधारणा केल्या आणि १९५५ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया सुरू केल्या. पहिल्या आठ मुलांपैकी चार वाचली. आज हा आकडा भयंकर वाटतो. तेव्हा ती चार मुलं म्हणजे दार उघडल्याची खूण होती. त्याच काळात मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी तर आई किंवा वडिलांनाच मुलाशी नळ्यांनी जोडून त्यांच्या हृदय-फुप्फुसाचा यंत्रासारखा उपयोग केला. पुढे दोनेक वर्षांत यंत्रं सुटसुटीत झाली आणि जगभर पसरली.

ती आपल्याकडेही आली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेची मोठी परंपरा उभी केली. दक्षिण आफ्रिकेत क्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं हृदयारोपण केलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत सेन यांनी ते परळमध्ये केलं. रुग्ण काही तासच जगला. तिथेही यशाआधी मृत्यूच होता.

गिबन छातीच्या शस्त्रक्रिया करत, विद्यार्थी घडवत राहिले. १९६७ साली निवृत्त झाले, १९६८ साली त्यांना मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. १९७३ च्या फेब्रुवारीत टेनिस खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी 'एक्मो' हा शब्द ऐकला. फुप्फुसं थकलेल्या माणसाचं रक्त बाहेर काढून प्राणवायू देऊन परत आत सोडणारं यंत्र. १९३१ सालच्या त्या बाईच्या उशाशी बसून गिबनना जे हवं होतं ते नेमकं हेच. आणि आपल्या मैत्रिणीला होता त्या आजारात आज पुष्कळदा छाती उघडावीही लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन छत्रीसारखं झाकण भोकावर बसवतात.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तिच्याकडे घेऊन गेले. या वेळी पोट दुखत नव्हतं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, मग कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय. "ही ओळ मला कधी कळलीच नव्हती," म्हणाली. तिथे बायपासचा वेळ लिहिला होता, ३६ मिनिटं.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नऊ मिनिटं चार वेळा. म्हणजे खो-खोचा अख्खा सामना की गं. आणि त्या सामन्याला वेळ लावायला मी नव्हते."

मेळाव्याच्या दिवशी दुपारी 'अ' विरुद्ध 'ब' असा खो-खो ठेवलाय. आपल्या वयाचा आणि गुडघ्यांचा विचार करून नऊची चार मिनिटं केली आहेत. स्टॉपवॉच तिच्याकडेच असेल. तिने मला बजावून ठेवलंय, की शिट्टी वेळेवरच वाजेल, मैत्रीखात्यात एक सेकंदही मिळणार नाही. तिच्या छत्तीस मिनिटांचा कोणीतरी असाच काटेकोर हिशेब ठेवला होता, हे आता तिलाही माहीत आहे आणि मलाही.